युद्धकाळाचा इतिहास मुलांनी स्वतः कसा शोधावा : कोल्हापुरातील पालक आणि शिक्षकांसाठी

शाळेने ‘दुसरे महायुद्ध’ या विषयावर प्रकल्प करायला सांगितला की बहुतेक घरांत ठरलेली धावपळ सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानातून हिटलर, चर्चिल आणि हिरोशिमावरच्या धुराच्या ढगाची रंगीत चित्रे छापून येतात, ती कार्डशीटवर चिकटतात आणि त्यांच्या शेजारी आईच्या किंवा ताईच्या सुवाच्य अक्षरात एखाद्या संकेतस्थळावरचा मजकूर उतरतो. प्रकल्पाला गुण मिळतात, तो कपाटावर जातो आणि दोन महिन्यांनी त्यातले एकही वाक्य मुलाला आठवत नाही. यात मुलाचा दोष नाही. त्याला उत्तर माहीत असलेला विषय दिला होता; शोधण्यासारखे काही दिलेच नव्हते.

कोल्हापुरातल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खटकते, कारण महायुद्धाची वर्षे या जिल्ह्यातून फार ठळकपणे गेली आहेत. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि त्यात सात जण हुतात्मा झाले. पुढच्याच वर्षी, शहरापासून काही किलोमीटरवर असलेल्या वळिवड्याच्या माळावर पोलंडहून हाकलल्या गेलेल्या हजारो बायका-मुलांची वस्ती उभी राहिली. त्याच काळात पश्चिम महाराष्ट्राच्या गावागावांतले तरुण मराठा पलटणींतून आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशात लढत होते. ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेला, ब्रिटिश सैन्यात गेलेला आणि युद्धातून पळून येथे आश्रयाला आलेला, असे तिघेही एकाच जिल्ह्याच्या इतिहासात एकाच वेळी सापडतात. या तिघांपैकी कोणाच्याही मागावर मूल स्वतःच्या पायांनी जाऊ शकते. ते कसे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. मनात धरलेली मुले साधारण पाचवी ते नववीतली आहेत आणि कालावधी सात-आठ आठवड्यांचा आहे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी त्यात आली तर फिरण्याची कामे सोपी होतात.

पहिली पायरी : विषय नको, प्रश्न हवा

सगळ्या कामात अवघड आणि सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच आहे. ‘दुसरे महायुद्ध’, ‘भारतीय जवान’, ‘कोल्हापूरचा स्वातंत्र्यलढा’ हे विषय झाले. त्यांवर मूल फक्त माहिती गोळा करू शकते. प्रश्न असा असावा लागतो की त्याचे उत्तर तयार स्वरूपात कोठेही छापलेले नाही, परंतु मुलाच्या आवाक्यातल्या पुराव्यांवरून ते काढता येते. माझी कसोटी साधी आहे: उत्तर शोधण्यासाठी मुलाला निदान एकदा घराबाहेर पडावे लागत नसेल आणि निदान एका माणसाशी बोलावे लागत नसेल, तर प्रश्न अजून मोठा किंवा फार पुस्तकी आहे.

काही उदाहरणे घेऊ. ‘पोलंडचे निर्वासित भारतात का आले?’ हा प्रश्न चांगला असला तरी दहा वर्षांच्या मुलाला तो पेलणार नाही आणि त्याचे उत्तर त्याला उतरवूनच काढावे लागेल. ‘वळिवड्याचीच जागा छावणीसाठी का निवडली असेल?’ हा प्रश्न मात्र त्याला रेल्वेच्या रुळांपर्यंत, पंचगंगेपर्यंत आणि नकाशापर्यंत नेईल. ‘छावणी उठल्यानंतर त्या बराकींत कोण राहायला आले?’ हा प्रश्न त्याहून सरस, कारण त्याचे उत्तर आजच्या गांधीनगरात मिळते: फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तेथे वसवली गेली आणि ज्या कापडबाजारात आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो तो बाजार त्या वस्तीतून वाढला. एका युद्धाने हाकललेली माणसे गेली आणि एका फाळणीने हाकललेली माणसे त्याच जागी आली, हा दुवा मुलाला स्वतःहून सापडला तर त्याला नकाशा आणि कालपट वेगळे शिकवावे लागत नाहीत.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी प्रश्न थोडे टोकदार करता येतात. आज ज्या चौकात शिवछत्रपतींचा अर्धपुतळा आहे तेथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता आणि ‘छोडो भारत’च्या काळात तो विद्रूप करण्यात आला, या बदलाबद्दल शहरातल्या जुन्या घराण्यांत आज काय सांगितले जाते? आपल्या गावातून किती जण लष्करात गेले आणि त्यांची नावे गावात कोठे लिहिलेली आहेत? १९७१ च्या युद्धात आपल्या गल्लीत रात्री दिवे झाकत होते का? पन्हाळ्याच्या वेढ्यावर काम करण्याची इच्छा कोल्हापूरच्या बऱ्याच मुलांना असते आणि ती मोडू नये. फक्त ‘बाजीप्रभूंचा पराक्रम’ असा विषय न ठेवता, १६६० च्या पावसाळ्यात पन्हाळा ते विशाळगड ही वाट रात्री चालायला किती वेळ लागला असेल आणि आपल्याला ते कशावरून सांगता येईल, असा प्रश्न ठेवावा.

प्रश्न मुलाने स्वतः ठरवावा. त्यासाठी त्याला एका बैठकीत दहा प्रश्न लिहायला सांगावे. पहिले चार-पाच पाठ्यपुस्तकातले असतात, पुढचे हळूहळू त्याचे स्वतःचे होत जातात. दहांपैकी तीन निवडावेत आणि प्रत्येकापुढे ‘हे मला कोण सांगू शकेल’ व ‘हे मला कोठे दिसेल’ असे दोन रकाने भरायला सांगावे. ज्या प्रश्नापुढचे दोन्ही रकाने भरले जातात, तो प्रश्न घ्यावा.

दुसरी पायरी : मोठ्यांची पूर्वतयारी

पालकाने किंवा शिक्षकाने आधी स्वतः थोडे वाचावे, पण ते मुलाला सांगून टाकू नये. पोलंडच्या बाबतीत मोठ्यांना निदान एवढा क्रम माहीत असावा: १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पोलंडवर स्वारी केली. पूर्व पोलंडमधल्या लक्षावधी लोकांना १९४० पासून सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार करण्यात आले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला आणि हद्दपारांची सुटका सुरू झाली. १९४२ मध्ये त्यांतले अनेक जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले आणि तेथून काही हजार जण भारतात आले. वळिवड्याची वस्ती १९४३ मध्ये सुरू झाली आणि १९४८ पर्यंत चालली. तेथे सुमारे ५,००० लोक राहत होते. बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध होते, कारण कर्ते पुरुष एक तर सैन्यात होते किंवा परत आलेच नव्हते. वस्तीत शाळा, चर्च आणि दवाखाना होता.

एवढे हाताशी असले की मूल भलत्या दिशेला गेले तर त्याला एखादा प्रश्न विचारून वळवता येते. उत्तर देऊन वळवू नये.

तिसरी पायरी : शोधवही

महागडी फाइल किंवा सजावटीचे कागद आणू नयेत. दोनशे पानी साधी वही पुरते. तिच्या प्रत्येक पानावर उभ्या तीन रेघा मारून चार रकाने करावेत: काय कळले, कोणाकडून किंवा कोठून कळले, तारीख, आणि मला काय वाटते. चौथा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण असे की मुले पाहिलेले आणि वाटलेले यांची सरमिसळ करतात. मोठी माणसेही करतात, पण मुलांना ती सवय लहानपणीच मोडता येते. ‘आजोबा म्हणाले की पोलंडच्या बायका बाजारात भाजी घ्यायला येत’ हे पहिल्या रकान्यात जाईल आणि ‘म्हणजे त्यांना छावणीबाहेर पडायला परवानगी असावी’ हे चौथ्यात. या वहीच्या शेवटच्या दहा पानांवर कालपट ठेवावा. एका पानाला एक वर्ष द्यावे, पानाच्या वरच्या अर्ध्या भागात जगातली घटना आणि खालच्या अर्ध्या भागात कोल्हापुरातली घटना लिहावी. हा कालपट पुढे किती उपयोगी पडतो ते नवव्या पायरीत दिसेल.

चौथी पायरी : जागेवर जाणे

वळिवडे निवडले असेल तर पहिली भेट महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभाला द्यावी. तो शहराच्या मध्यात आहे आणि असंख्य कोल्हापूरकर रोज त्याच्यावरून फिरायला जातात. मुलाला तेथे काहीही सांगू नये. स्तंभावरची प्रत्येक ओळ वहीत उतरवायला लावावी आणि मग विचारावे की हा स्तंभ कोणी उभारला, कोणत्या भाषांत लिहिले आहे, तो युद्ध संपल्यावर लगेच उभारला की फार उशिरा, आणि उशिरा असेल तर का. स्मारक हे ज्या घटनेचे असते त्याहून ज्यांनी ते उभारले त्यांच्याविषयी अधिक सांगते, ही इतिहासाच्या अभ्यासातली मोठी गोष्ट मुलाला एका दगडासमोर उभे राहून कळू शकते.

दुसरी भेट वळिवडे आणि गांधीनगरची. शक्य असेल तर मिरजेच्या पॅसेंजरने वळिवडे स्थानकापर्यंत जावे, म्हणजे छावणीतले लोक ज्या लोहमार्गाने आले त्याचा अंदाज येतो. जाण्यापूर्वी उपग्रह नकाशाची एक प्रत काढून घ्यावी आणि जुनी बांधकामे दिसली तर त्यावर खुणा करायला सांगावे. बहुतेक ठिकाणी काही उरलेले नाही. मूल निराश होऊ शकते, म्हणून आधीच सांगून ठेवावे की ‘येथे काही दिसले नाही’ हीही नोंदच आहे. शिवाय तेथल्या दुकानांत बसणाऱ्या वयस्कर सिंधी गृहस्थांना ‘काका, तुमच्या घरचे येथे आले तेव्हा बराकी होत्या का?’ असे अदबीने विचारले तर दिसत नसलेली जागाही हळूहळू उभी राहते. ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश लोकांच्या कबरी आहेत. तेथे जायचे असल्यास व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, फुले न्यावीत आणि कबरीवर पाय ठेवून छायाचित्रे काढू देऊ नयेत. कबरींवरची जन्म-मृत्यूची वर्षे उतरवून मरण पावलेल्यांची वये काढणे हे गणित सातवीच्या मुलाला सहज जमते. ते कोणत्याही भाषणापेक्षा परिणामकारक असते.

सैनिकी परंपरेवर काम करणाऱ्यांनी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीला जावे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी तेथे स्मृतिफलक लावला. अशा संगमरवरी पाट्या अनेक गावांत चावडीवर, शाळेत किंवा देवळाच्या भिंतीत दिसतात. या गावातून अमुक इतके लोक १९१४–१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. नावे नसतात. ती नावे शोधणे हा एका संपूर्ण वर्गाला पुरणारा प्रकल्प आहे.

पाचवी पायरी : घरातल्या पेट्या उघडणे

युद्धाचा पुरावा म्हणजे तलवार आणि तोफ अशी समजूत टाउन हॉल संग्रहालयाने पक्की होते, तेव्हा घरातल्या वस्तूंनी ती सैल करावी. बऱ्याच घरांत आजीच्या डब्यात मध्ये गोल भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा असतो. त्यावरचे वर्ष वाचायला सांगावे. १९४३ ते १९४७ या काळातलेच वर्ष दिसेल. युद्धामुळे धातूचा तुटवडा होता आणि नाण्याला भोक पाडले की तेवढा धातू वाचत होता. एक रुपयाची कागदी नोट १९४० मध्ये पुन्हा छापली जाऊ लागली आणि रुपयाच्या व अधेलीच्या नाण्यांतली चांदी कमी करण्यात आली, तीही याच कारणाने. रशियात रणगाडे लढत असताना कोल्हापूरच्या मुलाच्या खिशातला पैसा हलका होतो, हे मुलांना फार आवडते, आणि ‘युद्ध दूर होते’ हा समज तेथेच मोडतो.

घरात कोणी लष्करात असेल तर पदके, डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि पत्रे बाहेर निघतात. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंगातून ती वाचता येते. पदक चिंच किंवा राखेने घासू नये, फीत धुऊ नये. पत्रे किंवा जुने कागद लॅमिनेट करण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो कटाक्षाने टाळावा, कारण त्या प्लॅस्टिकमधून कागद पुन्हा सुटा निघत नाही. मोबाइलने उजेडात सरळ छायाचित्र काढावे, शेजारी पट्टी ठेवावी आणि मूळ कागद जसा होता तसा परत करावा.

सहावी पायरी : माणसांशी बोलणे

जी व्यक्ती १९४३ मध्ये आठ वर्षांची होती ती आज नव्वदीपलीकडे आहे. म्हणून वळिवड्याविषयी प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारे फार थोडे मिळतील. बाकीचे ‘आमचे वडील सांगायचे’ असे सांगतील. दोन्ही नोंदी मोलाच्या आहेत, पण वहीत त्यांच्यापुढे ‘पाहिलेले’ आणि ‘ऐकलेले’ असे वेगळे लिहायला हवे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले माजी सैनिक मात्र अजून गावोगावी आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी गावची माजी सैनिक संघटना, ग्रामपंचायत किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत जावे. अनोळखी घरी मुलाला एकट्याला पाठवू नये.

मुलाखतीपूर्वी मोठ्यांनी स्वतः जाऊन विचारावे: मुलाने येऊन बोलले तर चालेल का, आवाज ध्वनिमुद्रित केला तर चालेल का, नाव लिहिले तर चालेल का. तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे असू शकतात. होकार साध्या मराठीत एका कागदावर लिहून घ्यावा आणि त्यात ‘नंतर मन बदलल्यास हे काढून टाकू’ असे वाक्य असावे.

प्रश्नांची यादी मुलाने करावी, पण त्यातला ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न मोठ्यांनी निश्चितपणे काढून टाकावा. तो येतोच. सुरुवात सोप्या, दिसणाऱ्या गोष्टींपासून असावी: आजोबा, तुम्ही भरती झाला तेव्हा घरी काय म्हणाले? गाडीत बसवायला कोण आले होते? जेवायला काय मिळायचे? पत्र किती दिवसांनी यायचे? घरच्यांना लढाई संपल्याचे कसे कळले? अशा प्रश्नांवर माणूस खुलतो आणि पुढचे त्याला सांगायचे असेल तेवढेच सांगतो. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आजीलाही त्याच बैठकीत विचारावे. १९७१ च्या डिसेंबरात ३ ते १६ तारखेपर्यंत घर कोणी चालवले, रेडिओ कोणाच्या घरी ऐकला, तार आली की काय वाटायचे, हे तिच्याशिवाय कोणी सांगणार नाही. युद्धाच्या इतिहासातून बायका गळतात त्याचे एक कारण असे की त्यांना कोणी विचारतच नाही.

मध्येच डोळ्यांत पाणी आले तर मुलाने काय करावे, याचा सराव घरी करून ठेवावा: वही मिटावी, पाणी द्यावे, गप्प बसावे, आणि ‘आजोबा, आपण पुन्हा कधी तरी बोलू’ असे म्हणावे. वीरपत्नी किंवा वीरमाता यांच्याकडे जायचे असल्यास नववीच्या खालच्या मुलांना पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परत आल्यावर त्याच संध्याकाळी मुलाने मुलाखत आठवून लिहावी आणि नंतर ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावी. दोहोंत जो फरक पडतो तो पाहून साक्ष कशी बदलत जाते हे त्याला स्वतःच्याच उदाहरणावरून समजते.

सातवी पायरी : वाचनालय आणि अभिलेखागार

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे आणि शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातही जुने संदर्भ मिळतात. शाळेचे पत्र आणि मुलाच्या प्रश्नाचे एक वाक्य घेऊन गेल्यास ग्रंथपाल नेमके काय काढून द्यायचे ते सुचवू शकतात. ‘महायुद्धावर काही आहे का’ असे विचारल्यास कपाटभर पुस्तके समोर येतात आणि मूल दबून जाते. जुनी वृत्तपत्रे पाहायला मिळाली तर बातम्यांइतक्याच जाहिराती वाचायला सांगाव्यात. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे वृत्तपत्राची पाने कमी होत गेलेली दिसतात; पाने मोजणे हेही संशोधन आहे.

राज्य पुराभिलेख विभागाचे कोल्हापुरातले अभिलेखागार नववीच्या आणि त्यापुढच्या मुलांसाठी योग्य आहे. तेथे जाण्यापूर्वी एक गोष्ट समजावून द्यावी: १९४३ मध्ये कोल्हापूर हे संस्थान होते आणि ते मुंबई राज्यात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. म्हणून त्या काळातले कागद ‘जिल्हाधिकारी’ अशा नावाखाली नव्हे तर दरबार आणि रेसिडेन्सी (संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी) यांच्या दप्तरांत असतात. काही कागद मोडीत, काही इंग्रजीत असतील. मोडी वाचणारे जाणकार कोल्हापुरात आहेत. एका कागदाच्या चार ओळी त्यांच्याकडून वाचून घेणे पुरेसे आहे.

आठवी पायरी : नावांचा शोध

दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. नोंदीत अनेकदा वडिलांचे नाव, पत्नीचे नाव आणि गाव ‘कोल्हापूर, भारत’ असे दिलेले असते. शोधताना आडनावाची सर्व रूपे करून पाहावीत: पवार आणि पोवार, घाटगे आणि घाडगे, जाधव आणि जाधाव. ब्रिटिश कारकुनाने कानाला आले तसे लिहिले आहे. पलटणीचे नावही ‘मराठा’ऐवजी ‘महरट्टा’ असे सापडते. मूल ‘कोल्हापूर’ शब्द घालून शोधेल आणि त्याला इराकमधल्या बसरा स्मारकावरचे किंवा इटलीतल्या स्मशानभूमीतले नाव दिसेल, तेव्हा त्याला नकाशा आपोआप हवासा वाटेल. इटलीच्या आघाडीवर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी सहकाऱ्यांना वाचवणारे शिपाई नामदेव जाधव ही त्यांची नावे.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवावी. ही यादी मृतांची आहे. पणजोबा जिवंत परतले असतील तर त्यांचे नाव तेथे असणार नाही, आणि ‘नाव नाही म्हणजे ते सैन्यात नव्हते’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

नववी पायरी : पुरावे जुळत नाहीत तेव्हा

येथे खरा इतिहास सुरू होतो आणि नेमके येथेच बहुतेक पालक घाबरून ‘बरोबर उत्तर’ सांगून टाकतात. एक उदाहरण पुरेसे आहे. वळिवड्याच्या निर्वासितांना कोल्हापूरच्या कोणत्या महाराजांनी आश्रय दिला, असे विचारले तर वेगवेगळी माणसे वेगवेगळी नावे सांगतात आणि संकेतस्थळांवरही तीच गडबड असते. आता मुलाला त्याचा कालपट उघडायला सांगावे. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले. शहाजी महाराज गादीवर आले १९४७ मध्ये. १९४३ मध्ये गादीवर अगदी लहान वयाचे शिवाजी महाराज होते आणि कारभार रिजन्सीकडे, म्हणजे राजा अज्ञान असताना त्याच्या वतीने राज्य चालवणाऱ्यांकडे होता. म्हणजे ‘कोणत्या महाराजांनी’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. संस्थानाचा दरबार, ब्रिटिश हिंदुस्थान सरकार आणि लंडनमध्ये असलेले पोलिश सरकार यांत कोणी काय केले, असे विचारायला हवे. हे बारा वर्षांच्या मुलाने दोन तारखा शेजारी ठेवून शोधले तर त्याला कोणत्याही पुढाऱ्याचे भाषण ऐकताना पुढे उपयोग होईल.

दुसरी नेहमीची गल्लत जामनगरची. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. ती वेगळी आणि वळिवड्याची वेगळी. मात्र १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथली मुले वळिवड्याला आणण्यात आली, त्यामुळे आठवणी आणि छायाचित्रे एकमेकांत मिसळली आहेत. मुलाने एखादे छायाचित्र वापरायचे ठरवले तर ते कोणत्या छावणीचे आहे याचा पुरावा वहीत असल्याशिवाय चिकटवू नये.

पन्हाळ्यावर काम करणाऱ्यांना पोवाडा, बखर आणि समकालीन पत्र यांत फरक करावा लागेल. पोवाडा खोटा असे सांगण्याची गरज नाही. तो कधी रचला आणि कोणासाठी, एवढे विचारले की मूल स्वतःच त्याची जागा ठरवते.

दहावी पायरी : भीती, द्वेष आणि अवघड प्रश्न

युद्धावर काम करताना मूल कधी तरी छळछावण्यांची किंवा अणुबाँबने भाजलेल्यांची छायाचित्रे पाहणार. लहान मुलांसाठी शोध घरातल्या बैठकीच्या खोलीत, मोठ्यांच्या समोरच करावा. झोप उडाली, जेवण कमी झाले तर प्रकल्प आठवडाभर बाजूला ठेवण्यात काही बिघडत नाही.

‘आपण’ आणि ‘ते’ ही भाषा वहीत शिरू लागली की थांबून पाहावे. पाकिस्तानविषयी, जर्मनांविषयी, इंग्रजांविषयी सरसकट वाक्य आले तर ‘यातले कोणते माणूस तुला भेटले?’ असे विचारावे. त्याहून अवघड प्रश्न गारगोटीचा आणि मराठा पलटणींचा आहे: एका गावातला तरुण सरकारी कचेरीवर चालून गेला आणि दुसरा इंग्रजांच्या गणवेशात इटलीला गेला, यांत देशभक्त कोण? मुले हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांना निकाल देऊ नये. भरती होणाऱ्याच्या घरची जमीन किती होती, पगार किती होता, त्याचे वडील आधी पलटणीत होते का, आणि चळवळीत जाणाऱ्याला कोण भेटले होते, हे शोधायला सांगावे. ‘छोडो भारत’ची चळवळ चालू असताना सुमारे २५ लाख हिंदी सैनिकांचे सैन्य उभे राहिले, एवढ्या माणसांना एका शब्दात बसवता येत नाही, हे मुलांना आपल्या समजुतीपेक्षा लवकर कळते.

अकरावी पायरी : मांडणी आणि मूल्यमापन

शेवटच्या दोन आठवड्यांत लेखन करावे. मांडणीचा क्रम असा ठेवावा: माझा प्रश्न काय होता, मी कोठे गेलो व कोणाशी बोललो, काय कळले, काय जुळले नाही, आणि काय कळलेच नाही. शेवटच्या दोन भागांना शिक्षकांनी सर्वांत जास्त गुण द्यावेत. शंभरपैकी प्रश्नाला वीस, पुराव्यांच्या नोंदींना तीस, न जुळलेल्या व न कळलेल्या गोष्टींच्या चर्चेला तीस, भाषेला वीस, आणि सजावटीला शून्य, अशी विभागणी मी सुचवीन. सजावटीला शून्य गुण आहेत हे सुरुवातीलाच जाहीर केल्यास आई-वडिलांची रात्रीची जागरणे वाचतात. मूळ वही तपासल्याशिवाय अंतिम लेख स्वीकारू नये, कारण उतरवलेला प्रकल्प आणि शोधलेला प्रकल्प यांतला फरक वहीतच दिसतो.

सादरीकरण वर्गात न करता ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यासमोर, त्यांच्या गावात किंवा गल्लीत करावे, म्हणजे चुका तेथल्या तेथे दुरुस्त होतात. दुरुस्त लेखाच्या तीन प्रती काढाव्यात: एक शाळेच्या ग्रंथालयात, एक गावच्या वाचनालयात आणि एक मुलाखत दिलेल्या घरी. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला नाव, गाव आणि तारीख लिहून ती संमतीच्या कागदाच्या छायाचित्रासह एकाच ठिकाणी ठेवावी. ज्यांनी नाव देण्यास नकार दिला असेल त्यांच्या फाइलवर नावाऐवजी फक्त क्रमांक टाकावा.